आजींचा काळा खलबत्ता

आई,

इकडे आल्यापासून बारा वर्षांत तुला चार ओळी लिहिल्या नाहीत आणि आज बसलेय ती एका खलबत्त्यापायी. हसू नकोस. किंवा हस, मला इथे कुठे ऐकू येणारे! पण मी खरंच अडकलेय गं. ज्या हातांनी अडकलेय त्यांना वळण तूच लावलंस, म्हणून तक्रार तुझ्याकडेच घेऊन आलेय.

पाडव्याच्या आदल्या दिवशी आपल्या पुण्याच्या स्वयंपाकघरात काय चालायचं ते तुला सांगायला नको, पण मला आठवू दे. गोणपाट अंथरलेलं असायचं आणि त्यावर समई, ताम्हन, पळी-पंचपात्र, निरांजनं असा देवांचा सगळा संसार मांडलेला. वाडग्यात कोमट पाण्यात भिजवलेली चिंच, बाजूला जाडं मीठ, नारळाची शेंडी. मी दहा वर्षांची आहे. समई घासून तुझ्यापुढे धरते. तू ती खिडकीपाशी नेऊन गोल फिरवतेस आणि परत माझ्या मांडीत देतेस. "वरवर काय घासतेस? खाचेत बघ, खाचेत!" मी परत घासते, तू परत खिडकीशी नेतेस. तिसऱ्या वेळी मी रडकुंडीला आलेय, बोटं चिंचेनं चुरचुरतायत, आणि तू म्हणतेस, "अशी कळकट समई लावण्यापेक्षा न लावलेली बरी. लोकांना वाटेल या घरात बाईमाणूस नाही." आज कुणी असं बोललं तर माझी लेक त्याला तिथल्या तिथे जाब विचारेल. मी तेव्हा मुकाट्यानं काडीला फडकं गुंडाळून खाचा कोरत बसले.

शाळेच्या ऑफिसातही तू तीच. क्लार्क होतीस, घंटेशी तुझा काय संबंध? पण व्हरांड्यातली ती काळीहिरवी पडलेली पितळी घंटा तुझ्या डोळ्यांत सलायची. मे महिन्याच्या सुट्टीत शिपाईकाकांना स्टुलावर चढवून ती उतरवून घेतलीस आणि नळाखाली बसून अख्खी दुपार घासलीस. मला सोबत नेलं होतंस, मी मीठ पुरवत होते. शिपाईकाका म्हणाले, "बाई, घंटा ऐकायची असते, बघायची नसते." तू मान वर न करता म्हणालीस, "तुम्ही ऐका, मी बघते." जूनमध्ये शाळा उघडल्यावर मुलं घंटेत तोंड बघून भांग पाडायची. तुला काय आनंद झाला होता!

मी इकडे यायला निघाले तेव्हा तू बॅगेत चिंचेचा गोळा कोंबलास. "तिकडे पितळ असेल-नसेल, आमटीला तरी होईल." दोन वर्षांनी तू गेलीस आणि मला पोचायला तिसरा दिवस उजाडला. त्याबद्दल आज लिहीत नाही. लिहायला लागले तर खलबत्ता बाजूलाच राहील.

इथे या डच गावात, हूफडॉर्पमध्ये, सुरुवातीला मला काम नव्हतं, व्हिसा नवऱ्याच्या नोकरीवरचा होता. सायकल घेऊन भटकायचे. इथली माणसं घर आवरायला काढलं की गॅरेजचं दार उघडतात, समोर टेबलं मांडतात आणि आजोबा-पणजोबांच्या वस्तू शांतपणे विकायला ठेवतात. मी घ्यायला लागले. कॉफी दळायची हातयंत्रं, निळ्या चित्रांच्या फरशा, बिस्किटांचे पत्र्याचे डबे. घरी आणून धुवायचे, फोटो काढायचे, ऑनलाइन टाकायचे, की गोळा करणारे हौशी लोक उचलायचे. पुढे मलाही नोकरी लागली, तरी शनिवारचा हा उद्योग सुटला नाही. तुझा जावई म्हणतो, "पुण्यात बोहारीण दारावर यायची, इथे घरातच आहे." म्हणू दे. ऑफिसातल्या सॉफ्टवेअर टेस्टिंगपेक्षा मला यातलं जास्त कळतं, अशी माझी समजूत होती.

आमच्या ओळीत तिसऱ्या घरात एक आजी राहायच्या. नव्वदीच्या पुढच्या, एकट्या, विसरायला लागलेल्या. गेल्या वर्षी त्यांच्या मुलीनं त्यांना वृद्धांच्या केंद्रात हलवलं आणि घर रिकामं करायला काढलं. मुलगी माझ्याहून बरीच मोठी, साठीला आलेली. मी दोन दिवस तिच्या मदतीला गेले, टेबलं मांडली, कशाची काय किंमत येईल ते सांगितलं. शेवटी तिनं कपाटाच्या तळातून एक काळं, जडशीळ काहीतरी काढलं. "हे तू घे. आईच्या वडिलांचं आहे. मला उचलवतही नाही." बघते तर काय, खलबत्ता! इथे त्याला वायझेल म्हणतात. जुना, ओतीव पितळेचा, बत्त्यासकट, वरपासून खालपर्यंत काळा कुळकुळीत. मला इतका आनंद झाला की मी तो पोटाशी धरून घरी आणला.

आणि मग मी काय केलं असेल? सांगायला नकोच. चिंच भिजत घातली. रविवारची सबंध दुपार मोरीत, म्हणजे इथल्या बाथरूममध्ये, मांडी घालून घासत बसले. खाचेतसुद्धा काळं ठेवलं नाही. चार वाजता तो असा लखलखला की मी तुझी आठवण काढून खिडकीशी नेला आणि गोल फिरवला. तू परत दिला नसतास. शंभर टक्के पास केला असतास.

त्याच आठवड्यात, मी घासायच्या आधी टाकलेला फोटो बघून, आर्नहेमहून एक गृहस्थ आले. जुने खलबत्तेच गोळा करतात. मी चहा केला, खलबत्ता पुढे ठेवला. त्यांनी तो हातात घेतला, उलटा केला, आणि त्यांचा चेहरा पडला. "हे कुणी केलं?" मी छाती फुगवून म्हटलं, "मी." त्यांनी तो अलगद टेबलावर ठेवला. मग समजावलं, हळू आवाजात, मुलांना समजावतात तसं. धातूला हात लागून, धूर लागून, शे-दोनशे वर्षांत तो काळा रंग चढतो. तोच त्याचा जुनेपणा. तो गेला की काही केल्या परत येत नाही. चहा मात्र पूर्ण प्यायले, आभार मानले आणि खलबत्ता न घेता गेले. मला वाईट वाटलं, लाजही वाटली, पण म्हटलं, जाऊ दे, आपल्याच ओट्यावर ठेवू, वेलदोडे कुटू.

महिन्याभरानं आजींच्या मुलीचा फोन आला. आई सारखी वायझेल मागतेय, तुझ्याकडे अजून असेल तर परत देशील का? मी म्हटलं, अगं, आत्ता आणते. गुरुवारी मला सुट्टी असते. टॉवेलात गुंडाळून सायकलवरून घेऊन गेले. आजी खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या. मी टॉवेल उघडला. त्यांनी बघितलं, एक बोट लावलं आणि हात मागे घेतला. "हा माझा नाही. माझा काळा आहे. बाबांचा." मुलगी म्हणाली, "आई, तोच आहे, हिनं फक्त स्वच्छ केलाय." आजींनी माझ्याकडे वळून एवढंच विचारलं, "का?" आई, या "का"ला मला डच भाषेत उत्तर सुचलं नाही. मराठीतही सुचलेलं नाही, अजून. मी टॉवेलाची घडी घालायला लागले, तशा त्या मुलीला म्हणाल्या, "या बाईनं बदललाय. माझा घरी ठेवला आणि हा आणला."

चोर म्हणाल्या त्याचं एवढं नाही गं. विसरणारं माणूस, काहीही बोलतं. पण त्या दिवसापासून त्यांचा कुणावर विश्वास राहिला नाही. आपल्या वस्तू कुणीतरी बदलतंय असं डोक्यात बसलं. जेवणातला चमचा उशीखाली लपवायच्या. मुलीनं आणलेला स्वेटर माझा नाही म्हणून फेकून दिला. नर्सनं कपाट उघडलं की ओरडायच्या. मुलगी फोनवर म्हणाली, "याआधी तिनं कधी कुणावर संशय घेतला नव्हता." तिनं मला दोष दिला नाही, नुसतं सांगितलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग मी तो घरी आणून परत काळा करायच्या मागे लागले. व्हिनेगर लावून ठेवला, तर हिरवे डाग पडले. उकडलेल्या अंड्यांबरोबर पिशवीत बांधून ठेवला, तर जांभळट चट्टे आले आणि घरभर वास सुटला. शेवटी तुझीच युक्ती आठवली. बाळासाठी तू दिव्यावर ताटली धरून काजळ पाडायचीस ना, तसं पाडलं. एरंडेलात कालवून खलबत्त्याला आतून-बाहेरून चोळलं, फडक्यानं पुसलं, परत चोळलं. मला वाटलं, जमलं! आजींनी तो मांडीवर घेतला मात्र, आणि त्यांचे दोन्ही हात, पांढरा ब्लाऊज, खुर्चीची बाही, सगळं काळं. हात बघून त्या इतक्या घाबरल्या की रडायलाच लागल्या. नर्स त्यांना धुवायला घेऊन गेली. मी गुडघ्यावर बसून फरशी पुसत होते आणि तुझ्यावर चिडत होते. खरंच चिडले होते. तू मला घासायला शिकवलंस, काळं राहिलं म्हणून तीनतीनदा परत दिलंस, पण घासू नये असंही काही असतं, हे कधी बोलली नाहीस. तुला तरी कुठे माहीत होतं म्हणा.

त्यानंतर दर शनिवारी मी तेवढंच शोधत फिरले. काळा, साधारण त्याच उंचीचा खलबत्ता. लीडनकडच्या एका गावात एका म्हाताऱ्याच्या टेबलाखाली सापडला, खिळ्यांनी भरलेला. खिळे ओतून मी तो घेतला. कडेला एक टवका उडालेला होता, आजींच्याला नव्हता. पण काळा मात्र तसाच. घरी आणल्यावर पाण्याचा थेंबही लागू दिला नाही. खिळ्यांचा गंज आत तसाच ठेवला. हात शिवशिवत होते, खोटं कशाला बोलू.

पुढच्या गुरुवारी तो आजींच्या मांडीवर ठेवला. त्यांचं बोट कडेवरून फिरत फिरत टवक्यापाशी आलं आणि थांबलं. त्या म्हणाल्या, "हा माझ्या भावानं जिन्यावरून पाडला होता. बाबा दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत." मुलीनं चमकून माझ्याकडे बघितलं, तिचे डोळे भरले. कोपऱ्यात नेऊन कुजबुजली, "आईला भाऊ होता. लहानपणीच गेला. उभ्या आयुष्यात ती त्याच्याबद्दल बोलली नव्हती." मग मला मिठी मारली. "तू तो परत काळा केलास! कसा केलास?" त्याच क्षणी सांगायला हवं होतं. तोंड उघडलं आणि निघालं काय, तर "हळूहळू."

आता चमचे उशीखाली जात नाहीत. आजी जेवतात, स्वेटर घालतात, भावाच्या गोष्टी सांगतात. मुलगी त्या वहीत लिहून घेते. हा वायझेल पुढे मुलांना देणार म्हणते, या टवक्याच्या गोष्टीसकट. तो टवका कुठल्या घरात, कुणाच्या हातून उडाला, देव जाणे. भावाची गोष्ट खरी की त्याच क्षणी सुचलेली, तेही आता कुणाला कळायचं नाही. आणि त्यांच्या वडिलांचा खरा खलबत्ता माझ्या ओट्यावर चट्टेपट्टे घेऊन बसलाय. विकवत नाही, वापरवत नाही, परत करायची सोय नाही. लेकीला सांगितलं, तर ती फोनमधून डोकं न काढता म्हणाली, "आई, जस्ट टेल हर." तेरा वर्षांची आहे. तिला सगळं सोपं. सांगितलं तर चमचे परत उशीखाली जातील आणि नाही सांगितलं तर एका घराण्यात माझं खोटं पिढ्यान् पिढ्या राहील. दोन्हीकडून मलाच काही करता येत नाही.

हे पत्र कुठे जायचं नाही, माहितेय मला. फरशा गुंडाळायच्या कागदांखाली राहील. तू समोर असतीस तर एवढं सगळं ऐकून घेतलं नसतंसच, पहिल्या वाक्यालाच विचारलं असतंस, "खरं सांगितलंस का त्यांना?" काल गुरुवार होता. मी ठरवून गेले होते, डचमध्ये वाक्यं पाठ करून. मुलगी कॉफी आणायला गेली तेव्हा आजींनी माझा हात धरला, बराच वेळ माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "तू माझ्या भावाला ओळखायचीस ना?"

मी हो म्हटलं, आई.