मंडईतली पोपटी ओढणी

चिचगड, ता. देवरी
१२ नोव्हेंबर २०२५

भूपेंद्रजी यांना,
रेणूचा नमस्कार.

इकडे सगळे ठीक आहे. धानाची कापणी आटोपत आली. आईचा गुडघा पुन्हा दुखतो, तरी ती शेतात जातेच. तुमच्या आईंना आणि बाबांना माझा नमस्कार सांगा. त्यांच्याबद्दल माझ्या मनात काही नाही.

दाढ दुखते म्हणून मी फोन घेत नाही, असे आईने तुम्हाला सांगितले. ते खरे नाही. दाढेला काही झालेले नाही.

मोबाईलवर लिहिले असते तर तुम्ही खाली तो हसून लोळणारा पिवळा चेहरा टाकला असता आणि विषय संपला असता. कागदावर ती सोय नाही. शाळेत जाण्याआधी बाबांनी मला ओसरीत पाटी देऊन लिहायला शिकवले. त्यांचा नियम होता, आधी पाहिले ते लिही, मग वाटले ते. मी तोच क्रम ठेवते आहे. तुमच्यावर अन्याय होऊ नये म्हणून हा मजकूर पुन्हा पुन्हा तपासला. खोडण्यासारखे काही सापडले असते तर मलाच बरे वाटले असते.

दिवाळीनंतर तुमच्या गावची मंडई भरली, त्या जत्रेला मी आले होते. साक्षगंध झाल्यावर लग्नाआधी मुलीने त्या गावात जायचे नसते, हे मला माहीत आहे. पण रात्रीचा दंडारीचा खेळ सुरू व्हायच्या आधी तुम्ही माईक घेऊन सगळ्या मंडईला हसवता, असे ज्याच्या त्याच्या तोंडून ऐकत होते. एकदा बघावे वाटले. काकाची आचल सोबत होती. आपल्याकडच्या मुली स्कुटीवर बांधतात तशा आम्ही तोंडाला ओढण्या बांधल्या होत्या. त्या सोडल्या नाहीत, कोणी ओळखू नये म्हणून.

तुम्ही मंचावर म्हणालात, "बायको काय अन् मोबाईल काय, सारखेच. हँग झाली का दोन थापडा द्याच्या, चालू होते."

माणसे लोळली. बायाही हसल्या. माझ्या शेजारची बाई आधी नवऱ्याकडे बघायची, तो हसला की मग हसायची.

थोड्या वेळाने शिंगाड्यांच्या दुकानापाशी तुमच्या गावच्या एका पोराने पोपटी ओढणीतल्या मुलीचा हात धरला. "सोड," ती म्हणाली. त्याने सोडला नाही. भीतीने ती जागीच थिजली. तेव्हा तो दोस्तांना म्हणाला, "हे तं हँग झाली न बे," आणि ओढणीवरूनच तिच्या गालावर थापडा दिल्या. दोनच दिल्या. तुम्ही सांगितल्या तेवढ्याच.

मंचावरून तुम्हाला ते दिसले. हे मी खात्रीने लिहिते, कारण तुम्ही लगेच माईकवर म्हणालात, "अरे पोट्टेहो, जपून. वारंटी गेली तं मी जिम्मेदार नाही."

सगळी मंडई त्या मुलीकडे वळून हसली. आचलने हातातली शिंगाड्यांची पिशवी त्या पोराच्या तोंडावर हाणली, तेव्हा त्याचा हात सुटला. त्यावर एक म्हातारे गृहस्थ आचललाच बोलले की मजाक सहन होत नाही तर मंडईत कायले येता.

दुसऱ्या दिवशी हाच किस्सा तुम्ही मला फोनवर रंगवून सांगितलात. मी विचारले, त्या मुलीचे पुढे काय झाले? "काय होते? गेली घरी," तुम्ही म्हणालात. मग तुम्ही थांबवले का नाही, असे विचारले.

"तू तं सिरियस होऊन राहिली. मजाक होता, रेणू. अन् तोंड बांधून फिरणाऱ्या पोरी कशा राहतात, माहीत नाही का तुले?"

मी तरी सोडून दिले नाही. तुमच्या घरची असती तर, असे विचारले. तुम्ही क्षणभरही न थांबता म्हणालात, "हात तोडला असता त्याचा."

आता वाटले ते.

तुम्ही विनोदी आहात असे सगळे म्हणतात. तुमच्या विनोदात बाई एकतर चालू करायची वस्तू असते, नाहीतर बंद करायची. साक्षगंधाला मी चहा घेऊन आले तेव्हाही तुम्ही दोस्तांना म्हणाला होतात, "आवाज कमी आहे, चालते." तुम्ही स्वतः कधी कोणावर हात उचलणार नाही, याची मला जवळजवळ खात्री आहे. तुम्हाला गरजच नाही. तुम्ही नुसती वाट करून देता, थापडा पोरे मारतात आणि टाळ्या तुम्ही घेता. एवढ्या स्वस्तात मोठा झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

पोपटी ओढणी माझी होती.

हे वरच लिहिले असते तर तुम्ही पुढचे वाचले नसते. गाडी काढून माफी मागायला आला असता, वाटेत त्या पोराचा हात तोडायलाही थांबला असता. मला ती माफी नको, कारण ती रेणूसाठी असेल. जिला तुम्ही ओळखत नव्हता, तिला द्यायचे ते तुम्ही माईकवरून देऊन टाकले आहे. लग्नानंतर तुमच्या घरात कोणत्या दिवशी मी घरची असेन आणि कोणत्या दिवशी ती तोंड बांधलेली, याचा विचार करत मी जन्म काढणार नाही.

एवढ्यावरून जमलेले मोडू नये, असे बाबांचे मत होते. काल हे पत्र इथपर्यंत लिहून त्यांना वाचायला दिले. वाचून झाल्यावर त्यांनी एवढेच विचारले, "कोणत्या गालावर?" मी दाखवला. ते उठले आणि साक्षगंधाची साडी, अंगठी त्यांनी स्वतः कपाटातून काढली. रविवारी ते आणून देतील.

त्यांना चहा द्या. हसवू मात्र नका.

आणखी कळवण्यासारखे काही उरले नाही.

तुम्ही जिला ओळखले नाही ती,
रेणू उमराव टेंभरे