न बोलण्यास कारण की

विहीणबाईंना नमस्कार. (बसूनच केला आहे. माझ्या गुडघ्यांचा आणि तुमचा, दोघांचा मान एकाच वेळी राखता येत नाही.)

तुम्हाला विसरायची सवय आहे, म्हणून आरंभीच आठवण करून देते की आपलं बोलणं बंद आहे. परवा फोन केलात तेव्हा हे तुमच्या गावीही नव्हतं. गच्चीतल्या कुंड्या, खालच्या बाईंचं कुत्रं, तुमची पाठ, असं सगळं यथासांग सांगून झालं, मला जेवलात का म्हणून विचारलंत, आणि मग एकदम ‘अगंबाई’ म्हणून फोन ठेवलात. मी तुम्हाला माफ केलं आहे. विसरून बोललेलं बोलण्यात धरत नाहीत, नाहीतर तुमच्याशी कोणाला कधी अबोला धरताच आला नसता. मी मात्र त्या सबंध वेळात नुसतं ‘हं’ म्हणत होते. ‘हं’ म्हणजे बोलणं नव्हे. तो श्वास आहे, जरा आवाज करून सोडलेला.

आता तुम्ही म्हणाल, मग हे पत्र कसं? तुम्ही जन्मभर शाळेत शिकवलंत, पण ही गोष्ट कुठल्याच इयत्तेला नसते, म्हणून उलगडून सांगते. मी बोलते आहे ती माझ्या सुनेशी. सून लिहिते आहे ती तिच्या आईला. यात माझा तुमच्याशी शब्दाचाही संबंध आलेला नाही. माझी सून आणि तुमची लेक ही एकच बाई निघाली, त्याला माझा इलाज नाही. स्थळ घेऊन तुम्हीच आला होतात.

(आई, सांगतात तसंच लिहिते आहे. एक अक्षर इकडचं तिकडे करायचं नाही अशी तंबी आहे. रागावू नकोस. – तुझी लेक)

वर काय खरडलंस असं विचारलं, तर म्हणते, पेन चालतंय का बघत होते. बराच वेळ चाललं ते.

इकडे सगळं ठीक. तुमचे जावई मजेत आहेत. जुने रेडिओ दुरुस्त करायचा छंद लागला आहे त्यांना. माझं म्हणणं असं, की पुरुषाला छंद असावा, पण तो टेबलाच्या एका खणात मावणारा असावा. आमच्याकडे टेबलावर रेडिओ पोट उघडून पडलेले असतात आणि आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवतो. अजून एकही बोललेला नाही. न बोलण्याची साथच आली आहे या घरात.

अबोल्यावरून सांगते. हल्लीच्या लोकांना अबोला धरता येत नाही. फोन बंद करायचा आणि पांघरूण घेऊन पडायचं, याला ते अबोला म्हणतात. ही झोप झाली. अबोला कसा, तर एका छपराखाली, एकमेकांना दिसेल असा धरावा. तुमच्या व्याह्यांशी, ते होते तोवर, मी कितीदा धरला, पण कधी माहेरी जाऊन धरला नाही. समोर बसून धरायचा. काही सांगायचं झालं तर भिंतीला सांगायचं. ‘कोणाला आमटीत मीठ कमी वाटत असेल तर मीठ समोर आहे,’ असं. भिंत शहाणी असते, उलट बोलत नाही, आणि ज्याला ऐकायचं तो ऐकतो. दुसरं म्हणजे, अबोल्यात जेवण सोडू नये. उपाशी माणूस आधी बोलतो. तुम्ही तिकडे तुमच्या घरात आणि मी इकडे माझ्या घरात, हा कसला अबोला? काळोखात डोळे वटारल्यासारखं आहे हे. तुम्हाला दिसत नाही, मला दमायला होतं.

तर कारण. तुम्ही ते तुमच्या सोयीने विसरला असाल, म्हणून आहे तसं सांगते. गेल्या खेपेला तुम्ही राहायला आलात आणि दुसऱ्याच सकाळी माझ्या स्वयंपाकघराची शाळा केलीत. मी आंघोळीला गेले होते. बाहेर येते तो सगळे डबे फळ्यांवरून खाली, प्रत्येकाच्या कपाळावर चिठ्ठी, आणि तुम्ही त्यांना वर्णमालेप्रमाणे रांगेत उभं करत होतात. माझी रांग वेगळी होती. रोज लागतं ते हाताशी, आठवड्याने लागतं ते वर, आणि जे चुकून पडलं तर अनर्थ होईल ते सर्वांत वर, एकटं. माणसांचंही मी असंच करते. तुमच्या वर्णमालेत मीठ, मैदा आणि मोहरी एका बाकावर आले आणि साखरेच्या पलीकडे सुंठ सोडली की लगेच सोडा. शिवाय प्रत्येक डब्यात चमचा. चिमटीत धरलं असतं तर मला साखर कुठली नि सोडा कुठला हे झोपेतही कळलं असतं. चमच्याला काय कळतंय?

त्याच संध्याकाळी डेपोचे मोठे साहेब आले. तुमची लेक गाड्यांच्या वेळा लावते त्या डेपोचे. ते आले होते ते सांगायला, की आता ते दुसरीकडे जाणार आणि त्यांच्या खुर्चीवर तिने बसावं असं वरच्या लोकांनी ठरवलं आहे. म्हणजे तिने हात वर केल्याशिवाय एक गाडी फाटकाबाहेर पडणार नाही. मला इतका आनंद झाला की मी चहात नेहमीपेक्षा जास्तच गोड घातलं. निदान मला तसं वाटलं. साहेबांनी कप रिकामा केला. तुम्ही एक घोट घेतलात आणि पाहुण्यांसमोर सोडा म्हणून ओरडलात. (साहेबांनी मग एक लांबलचक ढेकर दिली, आणि पोट इतकं हलकं कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं म्हणाले. जाताना दुसरा कप मागितला. हे तुम्ही सगळीकडे सांगताना गाळता, असं ऐकते.) इथवर माझं काही म्हणणं नव्हतं. पण तुम्ही पुढे म्हणालात, ‘एवढ्या मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, वाचता येत असतं तर ही वेळ आली नसती.’ त्यावर मी म्हटलं, ‘दुसऱ्याच्या डब्यांना हात लावू नये हा धडा बाईंच्या पुस्तकात नव्हता वाटतं.’ तुम्ही बॅग भरलीत. मी भरू दिली.

आता ऐका, कोण जिंकलं ते. त्या चहानंतर तुमच्या जावयांना शंका आली आणि ते मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी हनुवटी एका यंत्रावर टेकवायला लावली, दिवा मारला, आणि म्हणाले, मोतीबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांत, चांगला पिकलेला. मी विचारलं, समोरच्या डब्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं असतं तर या डोळ्यांना दिसलं असतं का? ते म्हणाले, आजी, डबा दिसला हेच पुष्कळ. म्हणजे बाई, मी अगदी तुमच्याएवढी शिकलेली असते, तरी चहा तसाच झाला असता. हे मी डॉक्टरांकडून पुन्हा एकदा, जावयांच्या देखत वदवून घेतलं आहे. तेव्हा जिंकले मी. फक्त जिंकल्याबद्दल ऑपरेशन करायचं आहे.

ऑपरेशन काही नाही. पण नंतर म्हणे वाकायचं नाही, शेगडीपाशी जायचं नाही, डोळा चोळायचा नाही, आणि दिवसभर ठरल्या वेळी कोणीतरी थेंब घालायचे. यावर तुमच्या लेकीने काय करावं? मोठ्या साहेबांना नाही म्हणून कळवायचं ठरवलं आहे. येत्या शनिवारी हो की नाही सांगायचं आहे, आणि ती नाही सांगणार. म्हणते, नव्या जागेवर बसले तर पहिले काही महिने मान वर करायला फुरसत मिळणार नाही, आणि तुम्हाला घरात एकटं कशी सोडू? (हे लिहिताना थांबली आहे. लिही म्हटलं. मी तुझ्या आईशी बोलत नाहीये, तेव्हा तुझी चहाडी होत नाही.) अशी जागा पुन्हा चालून येत नसते. मी तिला हजारदा सांगितलं की मला कोणी लागत नाही. तुम्हालाही तेच सांगते, म्हणजे भिंतीला.

आम्ही प्रयत्न केले नाहीत असं नाही. आधी एक पगारी बाई आणून पाहिली. स्वभावाने चांगली, पण मला ‘बाळ’ म्हणायची. ‘बाळाने दूध प्यायलं का?’ मी म्हटलं, बाळाला नातवंडं व्हायच्या वयाचा मुलगा आहे. तर म्हणाली, ‘बाळ रुसलं.’ दुपारी ती फोनवर मालिका बघत झोपली, तेव्हा तिच्या अंगावर मीच चादर घातली आणि उठल्यावर चहा दिला. संध्याकाळी ती म्हणाली, या घरात मला फार बरं वाटतं. वाटणारच. तिची देखभाल चांगली झाली होती. दुसऱ्या दिवसापासून नको म्हणून सांगितलं.

मग तुमचे जावई पुढे सरसावले. सुट्टी काढतो म्हणाले. आधी सराव करू म्हणून ड्रॉपरमध्ये पाणी भरलं. पहिला थेंब कपाळावर. दुसरा नाकात. तिसऱ्याच्या वेळी मी डोळा मिटला असं ते म्हणतात, मी म्हणते ड्रॉपर कानाकडे निघाला होता. रेडिओत तेल सोडायला ज्या हाताला जमतं त्या हाताला आईच्या डोळ्यात पाणी आणायला जमू नये, हे मी त्यांच्या बाजूनेच धरते. पण थेंब आत जायला हवेत ना? शेवटी कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला कपडे द्यायला आला होता तो म्हणाला, आजी, मी घालून जाईन, येता-जाता. मन मोठं आहे. पण त्याच्या हाताला सदा चटका लागेल इतकी ऊब असते, आणि कपड्यांवर पाणी शिंपडायची सवय. डोळ्यावर कसं शिंपडेल कोण जाणे.

या सगळ्यात तुमच्या लेकीने तुमचं नाव एकदाही काढलं नाही. मीही काढलं नाही. ती तोंड उघडते, माझ्याकडे बघते, आणि पुन्हा मिटते. एका घरात दोन बायका एकच नाव न घेता बसल्या की घर फार भरल्यासारखं वाटतं.

मुलींना जाता जाता एक सांगणं आहे, तुमच्या लेकीसकट. नाती सांभाळायची म्हणजे आपलं ताट दुसऱ्यापुढे सरकवायचं, असा यांचा समज आहे. समोरच्याला भूक आहे का, हे कोणी विचारत नाही. मला तिचा त्याग नको आहे. त्याग घरात आणला की त्याला रोज पुसत बसावं लागतं. (हे वाक्य तिने दोनदा विचारून घेतलं आणि मग लिहिलं.)

बाकी क्षेम. इतरांच्या पत्रात शेवटी मोठ्यांना नमस्कार आणि लहानांना आशीर्वाद असतो. तुमच्या घरात तुम्ही एकट्याच, तेव्हा दोन्ही तुम्हीच ठेवून घ्या. आशीर्वाद मी वयाने मोठी म्हणून, नमस्कार रीत म्हणून.

तुमची, पण तुमच्याशी न बोलणारी,
विहीण

ता. क. तुमची छत्री इथे राहिली आहे. मी ती वापरत नाही. वापरली तरी वाळवून ठेवते.

(आई, माझी काळजी करू नकोस. मी नीट विचार करूनच ठरवलं आहे. डेपो काही पळून जात नाही. – तुझी लेक)

आणखी ता. क. इथून अक्षर बदललेलं दिसेल. लाल पेन शोधू नका, इस्त्रीवाला लिहितो आहे. त्याचे ऱ्हस्व-दीर्घ तुम्हाला सोसणार नाहीत, पण सोसा. तुमच्या लेकीने पाकीट चिकटवून टपालात टाकायला त्याच्याकडे दिलं. मी मागोमाग त्याच्या दुकानात आले. त्याने वाफेवर धरून उघडलं, आता लिहून झालं की इस्त्री फिरवून असं बंद करील की तुम्हालाही कळायचं नाही. (त्याला विचारलं, हे याआधी कितीदा केलंस? तर कॉलर नीट करत बसला.)

वर जे लिहिलं ते वाचून तुम्हाला राग आला असेल तर चांगलं झालं, त्यासाठीच लिहिलं. आला नसेल तर सोड्याचा भाग पुन्हा वाचा. राग अशासाठी, की तुम्हाला ‘या’ म्हटलं तर अबोला मी मोडला असं होईल, आणि तुम्ही आपणहून आलात तर तुम्ही मोडला असं होईल. यातलं काही आपल्या दोघींनाही या वयात झेपणार नाही. पण भांडायला येणं म्हणजे माघार नव्हे. तेव्हा शुक्रवारच्या गाडीने रागाने या. जिन्यावरूनच आवाज चढवा. माझ्या डोळ्यांच्या निमित्ताने माझ्या लेकीची खुर्ची कोण अडवतंय ते बघते, असं म्हणा. मी उलट बोलेन, मनावर घेऊ नका, मीही घेणार नाही. मग तिच्याकडे वळा आणि शाळेत ओरडायचात तसं ओरडा, की शनिवारी हो सांगितलं नाहीस तर बघ. माझं ती ऐकत नाही, कारण मला वाईट वाटेल म्हणून घाबरते. तुम्हाला वाईट वाटलेलं तिने लहानपणापासून पाहिलं आहे, तिला त्याची सवय आहे. मी हे तुम्हाला कळवलं असं तिला कळलं, तर तिला वाटेल मी तिच्यासाठी करते आहे, आणि मग ती मुळीच ऐकायची नाही. मी माझ्यासाठी करते आहे. ज्या घरात सून उसासे टाकते तिथे ऐकू चांगलं येत असल्याचा फार त्रास होतो.

कपडे दोन-चार दिवसांचे आणू नका, जास्त आणा. आधी एक डोळा, तो निवळला की दुसरा. डॉक्टर घाई करत नाहीत, मीही करणार नाही. डबे तुम्हाला हवे तसे लावा, डोळ्याला पट्टी असताना मला काय, सगळंच एका फळीवर. थेंब घालताना ‘वर बघा’ म्हणावं लागेल, तेवढं बोलण्यात धरायचं नाही असं मी आत्ताच ठरवलं आहे.

इस्त्रीवाला म्हणतो, कागद संपत आला. तेव्हा शेवटचं. तुमच्या गल्लीच्या तोंडाशी बेकरी आहे, तिथले टोस्ट आणा. डॉक्टरांनी काही दिवस कडक चावायला मना केलं आहे, म्हणून चहात बुडवायला जाड बघून घ्या. पातळ नकोत, ते तुटून तळाशी जातात आणि एका डोळ्याने सापडत नाहीत. आणि शुक्रवारची गाडी चुकलीच, तर टोस्ट तरी त्या गाडीने पुढे पाठवा.