चांदीचं शिवणयंत्र आणि पुढच्या खोलीचं दार

मी, खाली सही करणारी, हे माझ्या हाताने लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण माझ्या थोरल्याला त्याची गरज पडेल. मला कोणी धाक घातलेला नाही. धाक घालायचे दिवस होते तेव्हा पुष्कळांनी घातला, आता कोणाची टाप नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही आणि पुन्हा करणार नाही.

मला दोन अपत्यं. थोरला मुलगा, जो चांदीचं दुकान चालवतो, आणि धाकटी मुलगी, जी या घरात येत नाही. येत नाही म्हणजे तिला येऊ दिलं जात नाही. तिने आमच्याच कारखान्यातल्या कारागिराशी लग्न केलं. थोरल्याने उंबऱ्यात उभं राहून तिला सांगितलं, "तू आम्हाला मेलीस." वडिलांच्या शेवटच्या आजारात ती आली, तेव्हाही त्याने तिला दारातूनच परत पाठवलं. हे आत अंथरुणावर पडून ऐकत होते. ते मी विसरलेले नाही आणि मेल्यावरही विसरायचा विचार नाही.

कलम १. राहतं घर माझ्या नावावर आहे. ते थोरल्याला मिळेल, पण कलम ४ मधली अट पाळली तरच.

कलम २. बँकेतल्या ठेवीतून माझ्या मागचं सगळं उरकावं, उरलेलं दोघांनी अर्धं अर्धं घ्यावं. माझ्या फोटोला चांदीची चौकट करू नये. पुसणार कोण?

कलम ३. पकडी, कानशी, हातोड्या, भाता, ह्यांची सगळी हत्यारं जावयाला. थोरल्याने यावर हरकत घेऊ नये. त्याला कानस हातात धरलेली मी फक्त नखं घासताना पाहिली आहे.

कलम ४. काड्यापेटीएवढं चांदीचं शिवणयंत्र. ह्यांनी घडवलेलं. खालची पट्टी दाबली की चाक फिरतं आणि सुई खालीवर होते. अशी यंत्रं ह्यांनी बरीच केली. हौशी लोक ती हातोहात नेत आणि पेपरात फोटो ह्यांचा येई. त्या यंत्रांना जुनेपण आतल्या खोलीत बसून मी देत होते, हे कोणाच्या गावीही नव्हतं. गंधकाच्या पाण्यात बुडवून यंत्र अख्खं काळं करायचं, मग उंचवटे तेवढे खडूच्या पुडीने उजळायचे आणि खाचांत काळं राहू द्यायचं. उजळायला कापड घेतलं तर खाचाही पुसल्या जातात, म्हणून उघडा अंगठाच लागतो. घरात ठेवलेल्या या यंत्रावर तो अंगठा धाकटीचा होता. शाळेतून आली की दप्तर टाकून ती यंत्र हातात घ्यायची आणि अंगठा फिरवत दिवसभराचं सगळं मला सांगायची. लग्नापर्यंत तिची ही सवय सुटली नाही. त्याने चाकाच्या कडेला जी मऊ झळाळी आली होती, ती कोणत्याही पाण्याने येत नाही.

ती गेल्यावर थोरल्याने यंत्र विकायला काढलं. मला न विचारता पॉलिशमध्ये बुचकळून चकाचक केलं. खाचांतलं काळं गेलं, कडांची झळाळी गेली, नव्या स्टीलच्या चमच्यासारखं दिसायला लागलं. गिऱ्हाईक आलं, भिंग लावून पाहिलं, आणि हे तर कालपरवाचं दिसतंय म्हणून चहाही न घेता निघून गेलं. मला मनापासून आनंद झाला. मग स्वारी माझ्याकडे आली, आई, तू पुन्हा काळं करून दे म्हणून. मी म्हटलं, "तुझ्या बहिणीला बोलाव, ती करेल." तेव्हापासून यंत्र पांढरंफटक कपाटात पडून आहे.

तर हे यंत्र मी धाकटीला देते. मात्र ते तिने लगेच घरी न्यायचं नाही. ते पुढच्या खोलीत, टीव्हीशेजारच्या फळीवर, खिडकीपासून लांब, उघडं राहील. खाली रबराची चकती ठेवू नये, रबराने चांदी डागाळते. काच नको, कुलूप नको, पॉलिश तर नकोच. गंधकाची घाईही नको, हवेने ते आपलं आपण काळवंडेल. दर रविवारी धाकटीने येऊन, खुर्चीवर नीट बसून, ते अंगठ्याने उजळायचं. दार थोरल्याने स्वतः उघडायचं, बायकोला पुढे करायचं नाही. चहा विचारावा अशी अट घालत नाही, त्याची अक्कल तिथवर पोचली तर बघावं. एकदा जरी ती दारातून परत गेली, तर घर धाकटीचं होईल.

घर माझं, आणि माझ्या पोटच्या मुलीला मी रस्त्यावरच्या बाकावर बसून भेटत आले. थोरल्या, याचा मला फार राग आहे. तो मी कोणाला वाटून देत नाही, सोबत नेते.

वकील म्हणाले, अशा अटीला शेवट लागतो. ठीक आहे. खाचा काळ्या, कडा उजळ, यंत्र पहिल्यासारखं झालं, असं ज्या दिवशी दोघं समोरासमोर बसून एकमताने म्हणतील, त्या दिवशी अट संपली. घर कायमचं थोरल्याचं, आणि यंत्र धाकटीने खुशाल घरी न्यावं.

वकिलांनी विचारलं, "आणि दोघांचं एकमत झालंच नाही तर?"

मी म्हटलं, "तर येत राहील ती."

वरचा मजकूर मी चष्मा लावून पुन्हा वाचला. एकही शब्द कमी करायचा नाही.

लिहून देणार: (सही)

साक्षीदार, ज्यांनी मला सही करताना पाहिलं आणि ज्यांना यातलं काहीही मिळणार नाही:
१. समोरचे चष्मेवाले (सही)
२. वरच्या मजल्यावरच्या नर्सबाई (सही)

ठिकाण: राहत्या घराची आतली खोली
दिनांक: सोळा जानेवारी, थोरला दुकानात असताना