मोटारचं पेव

बाबा, तुमच्याशी माझं भांडण संपलेलं नाही आणि तुम्ही मात्र मरून मोकळे झालात. एवढ्या वर्षांत मी मंत्र्यांना भर सभेत निरुत्तर केलं, दगड घेऊन आलेल्यांना खाली बसवून त्यांच्याकडून घोषणा म्हणवून घेतल्या. फक्त तुमच्यापुढे मला जे शेवटचं वाक्य बोलायचं होतं, ते राहून गेलं. त्याचा राग अजून जात नाही. आज त्या रागाच्या भरातच लिहायला बसले आहे.

हिवरखेडच्या शेतातलं ते टिनाचं वर्कशॉप आठवा. लष्कराच्या लिलावातली जुनी जीप तुम्ही आणलीत आणि तिच्याखाली निजून निजून तुमच्या सदऱ्यांची पाठ कायमची काळी झाली. आपल्या काळ्या मातीत जॅक ठरत नव्हता. एकदा तो रुतला आणि जीप तुमच्या छातीवर टेकता टेकता राहिली. तेव्हा तुम्ही ठरवलंत की मोटार वर उचलायची नाही, आपणच खाली उतरायचं. उन्हाळाभर खणलंत. काळी माती काढली, पिवळी काढली, मुरूम लागल्यावर हात थांबवलात. आपली जमीन पावसाळ्यात फुगते आणि मधे येईल त्याला ढकलते, म्हणून दोन्ही बाजू दगड-चुन्यानं बांधून घेतल्यात. एका टोकाला पायऱ्या केल्यात, चाकांखाली सागाचे पाट बसवलेत आणि काम नसताना गुरं पडू नयेत म्हणून वर जाड फळ्या टाकल्यात. तुमच्या हातचं इतकं चांगलं काम मी दुसरं पाहिलं नाही. हे आधीच लिहून ठेवते, म्हणजे पुढचं वाचून रुसणार नाही.

गावानं त्या खड्ड्याला नाव ठेवलं, मोटारचं पेव. तेव्हा अजून काही घरांत ज्वारी जमिनीखालच्या पेवांतच राहत असे, त्यामुळे दुसरं काय सुचणार? इथपर्यंत ठीक होतं. वैताग असा की तुम्ही त्याला खरोखरच पेव मानलंत. पेव उघडलं की आत दबून राहिलेली हवा माणसाचा जीव घेते, म्हणून पहिल्यांदा दोरीनं पेटता कंदील सोडायचा आणि तो विझला तर उतरायचं नाही, ही रीत. पेवासाठी ती अगदी बरोबर आहे. तिच्याविरुद्ध मी एक शब्द बोलणार नाही. पण तुमच्या खड्ड्यात ज्वारी नव्हती, बाबा. तिथे घमेलंभर पेट्रोल होतं. जीपचे सुटे भाग तुम्ही त्यात धूत होता, संध्याकाळी घमेलं तिथेच ठेवत होता, वरून फळ्या लावत होता. आणि सकाळी फळी सरकवून त्यात पेटता कंदील सोडत होता.

मी अमरावतीहून दिवाळीच्या सुट्टीत आले आहे. कॉलेजात वक्तृत्वाची ढाल जिंकली आहे, हाताला लागेल ते पुस्तक वाचते आहे, आणि माझा बाप माझ्यासमोर कंदील घेऊन खड्ड्याच्या काठावर उकिडवा बसला आहे.

"बाबा, हे काय करून राहिले तुमी?"

"हवा पाहून राहिलो."

"पेट्रोलची वाफ जड असते. खालीच बसून राह्यते. इस्तो दिसला तं भडकन."

"आजवर भडकली?"

"भडकली असती तं तुमी सांगाले राह्यले असते का? घमेलं तरी वर ठेवत जा."

"वर बकऱ्या तोंड घालतात." तुम्ही कंदील वर ओढून घेतलात. तो नीट जळत होता. "पाय. हवा चांगली हाय. तू अमरावतीले शिकली, मी पेवात शिकलो."

त्या रात्री जेवताना मी तावातावानं बोलले. रूढी, आंधळेपणा, विज्ञान, सगळं काढलं. तुम्ही पाणी पिऊन उठून गेलात. मायनं चुलीतली लाकडं मागे ओढली आणि मला म्हणाली, "त्याइच्या मोठ्या भावाचं तुले ठाऊक नाई." मग तिनं सांगितलं. पेरणीची घाई होती, पेव नुकतंच उघडलं होतं. काका कंदील न सोडताच उतरले. तुम्ही तोंडाशी दोर धरून बसला होता. दोर हलला नाही. तुम्ही हाका मारल्या, आणि लोक येईपर्यंत दोर तसाच धरून होता. माय म्हणाली, "कंदिलावर बोलू नको वं. दुसरं काय बोलाचं थे बोल."

पण मला दुसरं काही बोलायचंच नव्हतं. ज्याच्या भावाला एका खड्ड्यानं नेलं, तो माणूस दुसऱ्या खड्ड्यात रोज विस्तव सोडतो आहे आणि कारण तेच सांगतो आहे, हे दिसत असताना मी गप्प कशी बसणार? परत जाताना मी ठरवलं, वाद नको, तोड काढू. पुढच्या खेपेला अमरावतीच्या बाजारातून नवी कोरी बॅटरी घेऊन आले. तुम्ही ती लहान मुलासारखी चालू-बंद करून पाहिलीत, माझ्या तोंडावर मारलीत, मायच्या तोंडावर मारलीत. खूश होता. मग म्हणालात, "हे खराब हवेत इझते का?"

"नाई इझत. तेच तं चांगलं हाय ना."

"मंग हे मले सांगन काय? मी मेलो तरी हे जळतच राहीन."

बॅटरी तुम्ही खुंटीला अडकवलीत आणि कंदील उचललात. मी त्या दिवशी भाकरीला हात लावला नाही. त्याचाही तुमच्यावर काही परिणाम झाला नाही.

उन्हाळ्यात व्हायचं तेच झालं. सकाळीच ऊन चटका देत होतं. मी मायजवळ बसून पीठ मळते आहे, आणि वर्कशॉपकडून भप्प असा आवाज येतो. मोठा नाही, कुणी ओली चादर झटकावी तेवढाच. धावत गेले तर फळी लांब पडलेली, दोरीचं टोक जळतं आहे, आणि तुम्ही मातीत बसलेले. मिशी गेली होती, भुवया गेल्या होत्या, हातांची कातडी सुटत होती. बैलगाडीत घालून तेल्हाऱ्याला नेलं. जीव वाचतो की नाही हेच कळत नव्हतं, तिथे बरोबर कोण याचं काय करायचं?

वाचलात. हातांना पट्ट्या बांधून घरी आलात, बाजेवर टेकलात आणि पहिलं वाक्य काय बोललात? "कंदील पहिले गेला म्हणून मी वाचलो. मी गेलो असतो बिडी घेऊन, तं?"

मी कपाळावर हात मारला. "बाबा, आता तरी कबूल करा."

"बरं, नाई सोडत कंदील. मंग तू सांग, उतराच्या आधी मी काय पाहू?"

"फळ्या काढून ठेवा. हवा खेळू द्या."

"किती वेळ?"

"वास जाईपर्यंत."

"खालचा वास वरून कसा समजन?"

मी पुन्हा वाफेच्या वजनावर आले. तुम्ही ऐकून घेतलंत आणि पट्टी बांधलेला हात किंचित वर केलात. "थे समजलं. मी काय पाहू?"

शेवटी मायच म्हणाली, "टोपल्यात कोंबडी सोडा नं घमेलं वर आणा. बकऱ्याइले मी पाह्यतो. आता गुमान बसा दोघंई." ते तुम्हाला तत्काळ पटलं, कारण कोंबडी पुस्तकातून आलेली नव्हती. त्यानंतर तुम्ही म्हातारे होऊन जीप विकेपर्यंत एक ना एक कोंबडी रोज सकाळी त्या खड्ड्यात उतरत राहिली आणि ओरडत वर येत राहिली. माझ्या ढालीचं तुम्हाला कौतुक नव्हतं, त्या कोंबडीचं होतं.

आता मला वाटतं, मी एवढंच म्हणायला हवं होतं की तुम्ही उतरा, मी वर बसते, हाक मारत राहते. तुम्हाला काय पाहायचं होतं ते मला फार उशिरा कळलं. तेव्हा मी वायूंची वजनं सांगत होते. पण तुम्हीही भावाबद्दल माझ्याशी कधी अवाक्षर काढलं नाहीत, सगळं कंदिलावर ढकललंत. निम्मा दोष तुमचा, हे मी सोडणार नाही.

हे पत्र टाकायला पेटी नाही, म्हणून एक गोष्ट लिहून टाकते. परवा अकोल्याच्या सभेत मी पुन्हा तुमच्या कंदिलाची हकीकत सांगितली. कित्येक वर्षं सांगते आहे. माझ्या गोष्टीत तुम्ही पट्ट्या बांधलेला हात माझ्या डोक्यावर ठेवता आणि म्हणता, "पोरी, तुयं खरं होतं." असं तुम्ही कधीच म्हणाला नाहीत. पुढच्या सभेत दुरुस्त करीन, असं लिहिणार होते. लिहीत नाही. टाळ्या नेमक्या तिथेच पडतात, बाबा.