स्टोव्ह पास झाल्याशिवाय गाडी हलणार नाही

४ फेब्रुवारी

स्टोव्ह नापास. पुन्हा!

दोष काय, तर झाकण उघडताना करकरतो. म्हटलं, "अहो, त्याच्यावर चहा करायचाय, त्याला गायला नाही बसवायचं." हे म्हणाले, "डोंगरात बिघडला म्हणजे कळेल." जन्मभर कुकरच्या कारखान्यात माल तपासला यांनी. निवृत्त झाले, पण नापास करायची खोड काही निवृत्त होत नाही.

गाडी येऊन चार महिने झाले. आत पलंग, पडदे, इवलंसं बेसिन — सगळं आहे. बिल्डिंगखाली उभी आहे नवरीसारखी. हलायचं नाव नाही.

मी काय मागितलं होतं? जन्मभर बेकरीचा टेम्पो चालवला. रस्ता पाहिला तो पुढच्या गाडीच्या पाठीएवढाच. एकदा तरी शेजारच्या सीटवर बसून, पाय वर घेऊन, खिडकीतून बघत समुद्रापर्यंत जायचंय. बस्स. गाडी घेतली ती त्यासाठीच.

९ फेब्रुवारी

वाऱ्याची चाचणी. दाराशी टेबलफॅन लावला. अंडं अर्धं तव्यात, अर्धं यांच्या चष्म्यावर. स्टोव्ह नापास. पंखा उत्तम.

१२ फेब्रुवारी

आज हिसक्यांची चाचणी. स्टोव्हवर दूध ठेवून हे आत बसले. खालच्या दुकानातले शिंपीकाका एका बाजूने आणि माप द्यायला आलेलं त्यांचं गिऱ्हाईक दुसऱ्या बाजूने गाडी हलवतायत. गिऱ्हाइकाच्या गळ्यात टेप तशीच. हे आतून ओरडतायत — "अजून जोरात, घाट आलाय!"

दूध पलंगावर. शिंपीकाका घाम पुसत म्हणाले, "वहिनी, एक विचारू का? गाडी चालू असताना स्वयंपाक करणार तुम्ही?"

"नाही हो. उभी करून."

मग सगळ्यांनी मिळून गादी वाळत घातली.

१८ फेब्रुवारी

घरातला गॅस बंद. "सरावात खंड नको," म्हणे. डाळतांदूळ घेऊन तीन जिने उतरायचं, गाडीत रांधायचं, पातेली घेऊन तीन जिने चढायचं. माझ्या गुडघ्यांची चाचणी कुणी घेत नाही.

बिल्डिंगच्या सेक्रेटरीबाई आल्या. "पार्किंगमध्ये हॉटेल चालवता येणार नाही." त्यांना चहा दिला. दुसरा कपही घेतला त्यांनी, मग म्हणाल्या, "बघते काय करता येतं."

लेकीचा फोन. "आई, सँडविच बांधा आणि निघा ना."

हे मागून — "सँडविचवर चहा उकळतो का, विचार तिला."

२३ फेब्रुवारी

सापडला! छोटासा, एका बर्नरचा, निळ्या रंगाचा. भोवती पत्र्याचा आडोसा. वाऱ्यात विझला नाही, हिसक्यांत सांडला नाही, करकरला नाही. मी तर मनात बॅगही भरली.

यांचा चेहरा मात्र पडला. स्टोव्ह उलटा केला, सुलटा केला, घामाघूम झाले. शेवटी म्हणाले, "रंग चुकलाय. ज्योतही निळी, स्टोव्हही निळा. पेटलाय की नाही, कळणार कसं?"

यांना कधी खोटं बोलता येत नाही. घोडं भलतीकडेच पेंड खातंय.

२४ फेब्रुवारी

सरळच विचारलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. मग —

"मला ती गाडी चालवायची भीती वाटते."

घ्या! म्हणजे शोरूमच्या माणसाने घरापर्यंत आणून दिली, ती यासाठी! मी समजत होते, मोठ्या गाडीला तशीच पद्धत असेल. "छोटी चालवायचो तेव्हा ठीक होतं गं. ही केवढी लांब. मागचं काही कळतच नाही."

म्हटलं, "मग मी चालवते की. पावांच्या जागी तुम्ही बसा."

"म्हणून तर बोललो नाही. तू चालवलीस की झाला तिचा टेम्पो. तुझी खिडकी राहिलीच."

मला रडू आलं. आणि असा संताप आला! चार महिने मी पार्किंगमध्ये अंडी तळली!

२५ फेब्रुवारी

गाडी मैदानावर मी नेली. मग यांना बसवलं स्टिअरिंगवर. गाडी मागे घेताना गोलपोस्टला टेकली. शिंपीकाका लांबून हातवारे करत होते, कुणासाठी ते कळलं नाही.

मी म्हटलं, "नापास."

काय बरं वाटलं म्हणून सांगू.

२ मार्च

नापास. पण गोलपोस्ट वाचला.

१४ मार्च

पास. संध्याकाळी यांनी तीनदा विचारलं, "नक्की ना?"

१६ मार्च

शेजारच्या सीटवर बसून लिहितेय. पाय वर. मघाशी एक सायकलवाला आम्हाला मागे टाकून गेला, मागचे सगळे हॉर्न मारतायत, आणि हे स्टिअरिंग घट्ट धरून बसलेत. वळणावर समुद्र दिसला. मला चहाची तल्लफ आली. मागे वळून पाहिलं तर ओट्यावर काहीच नाही.

"अहो, स्टोव्ह विसरलात!"

रस्त्यावरची नजर न हलवता म्हणाले, "विसरलो नाही. ठेवून आलो."