अकरा महिन्यांची भाडेकरू

मी, हेमांगी वामन चुरी, वय त्रेपन्न, धंदा दस्तलेखन, मूळची केळव्याची, हल्ली राहणार बोईसर, आज हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. गर्भाशयाबद्दल डॉक्टरांचे मत तसे नाही, म्हणून येत्या मंगळवारी, १६ सप्टेंबरला, ते काढणार आहेत. मला कोणी धाक घातलेला नाही की फूस लावलेली नाही. हीच वाक्ये मी चोवीस वर्षे पालघरला दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर टेबल टाकून दुसऱ्यांसाठी लिहिली. स्वतःसाठी लिहिताना प्रत्येक वाक्य दोनदा वाचावे लागते, हे एकाही पक्षकाराने सांगितले नव्हते.

१. बोईसरचा दोन खोल्यांचा फ्लॅट माझ्या कमाईतला आहे. तो, त्यातले सामान आणि बँकेतली शिल्लक मी सपना झिपरू वरठा हिला देते. सपना विक्रमगडकडची, तारापूरला कापडाच्या कारखान्यात कामाला आहे. दस्तात 'नाते' या शब्दापुढची जागा मोकळी सोडू नये, नंतर कोणीही काहीही भरतो. म्हणून भरते : साडेसोळा वर्षे ती माझी जोडीदार आहे.

२. आता माझ्या हातून झालेली चूक. एप्रिल २००९ मध्ये सोसायटीने विचारले, "ह्या कोण?" मी म्हटले, "भाडेकरू." तोंडी बोलण्यावर विश्वास न ठेवण्याचाच माझा धंदा, म्हणून अकरा महिन्यांचा रीतसर करारही केला. संपला की नवा. असे अठरा. प्रत्येकात नववे कलम : "मालक व भाडेकरू यांच्यात कोणतेही कौटुंबिक नाते नाही, व भाडेकरू सदर मिळकतीवर कधीही हक्क सांगणार नाही." वाक्य माझे, खाली सही सपनाची, अठरा वेळा. माझ्या करारात पळवाट नसते अशी माझी पालघरात ख्याती आहे. गेले आठ दिवस मी पळवाटच शोधते आहे.

माझा धाकटा भाऊ शैलेश हे अठरा कागद न्यायाधीशांपुढे ठेवणार. म्हणणार, भाडेकरणीने आजारी मालकिणीला गुंडाळले. अठरावा करार ३० सप्टेंबरला संपतो. सपनाला सामान आवरायला तो तेवढीच मुदत देईल, आणि ती आवरेलही. तिला सही करायला सांगितले की ती करते, हे मीच तिला शिकवले.

३. म्हणून लिहून देते की अठराही करार दिखाऊ होते. भाडे कधी घेतले नाही, दिले नाही. नववे कलम खोटे आहे. दस्तलेखकाने खोटा दस्त केला असे लिहून दिल्यावर, मी वाचले तरी माझ्या टेबलावर कोण येईल, मला माहीत नाही. ही भीती मी ऑपरेशनच्या भीतीशेजारी ठेवून पाहिली. थोडी लहान दिसते.

४. लग्न का केले नाही, असे कोणी विचारील. ऑक्टोबर २०२३ मध्ये आमच्यासारख्यांच्या लग्नाबद्दलचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आम्ही टीव्हीसमोर बसून ऐकला. सपनाने रजा टाकली होती. न्यायालय म्हणाले, हे काम संसदेचे; तोवर सरकार समिती नेमील.

"आपल्याला काय भेटलं?" सपनाने विचारले.

"समिती."

"तिला आपला पत्ता म्हाईत हाय का?"

मी हसले. तिने विनोद केला नव्हता.

५. गेल्या आठवड्यात दवाखान्याच्या काउंटरवरच्या बाईंनी विचारले, "पेशंटचे तुम्ही कोण?" सपना म्हणाली, "भाडेकरू." सवयीने. मी शेजारी उभी होते. "भाडेकरूची सही नाही चालत. रक्ताचं कोणी बोलवा." शैलेश आला, सही केली, आणि जिन्यात मला म्हणाला, "ताई, मंगळवारी ती बाई इथे नको. लोक विचारतात." केळव्याला सुपारीच्या वाडीत याच शैलेशच्या चार खोल्या आहेत. शनिवार-रविवारी मुंबईची जोडपी उतरतात. त्यांना तो आगाऊ पैसे मागतो, नाते विचारत नाही.

६. तरीही त्या वाडीतला माझा हिस्सा मी शैलेशला देते. अट एकच : या मृत्युपत्राला त्याने, बायकोने वा मुलांनी कोर्टात आव्हान देऊ नये. दिल्यास तो हिस्सा सपनाचा, आणि मग पाहुण्यांना चहा तिला विचारून द्यावा लागेल. या अटीत मी पळवाट ठेवलेली नाही.

७. अग्नी सपनाने द्यावा. टेबल-खुर्ची अण्णांना. एकोणिसावा करार होणार नाही. मंगळवारनंतर मी असले, तर १ ऑक्टोबरपासून आम्ही कुठल्याही कागदाशिवाय राहू. याचीही भीती वाटते.

अण्णा म्हणजे शेजारच्या टेबलावरचे मुद्रांक विक्रेते. अठराही करारांवर साक्षीदार तेच. आज हे त्यांना वाचून दाखवताना मी मान वर केली नाही.

"हेमांगी," ते म्हणाले, "अठरा वेळा सही केली मी. मला वाचता येत नाय, असं वाटलं तुला?"

"मग बोलला का नाहीत?"

"तू भाडेकरू म्हटलंस, मी पण भाडेकरू म्हटलं."

"कोर्टात बोलावतील, अण्णा."

"येईन. वरच्या मजल्यावर नको म्हनावं, गुडघे दुखतात."

मृत्युपत्राने ज्याला मिळायचे त्याने सहीच्या वेळी लांब बसावे, म्हणून सपना रस्त्यापलीकडे टपरीवर बसली आहे. तिसरा चहा. मी इथूनच बघते आहे.

वरील सर्व मजकूर पुन्हा वाचला. खाडाखोड नाही. दोन्ही साक्षीदारांदेखत सही करते.

ठिकाण : पालघर
दिनांक : १२ सप्टेंबर २०२५

(सही) हेमांगी वामन चुरी

साक्षीदार :

१. (सही) कुशल भगवंत पाटील, झेरॉक्सचे दुकान, पालघर. माझ्यासमोर सही केली.

२. (सही) अनंत गोविंद राऊत ऊर्फ अण्णा, मुद्रांक विक्रेता, राहणार एडवण. माझ्यासमोर सही केली. अठराही करारांवर सही माझीच आहे. नववे कलम खोटे आहे हे मला पहिल्या करारापासून ठाऊक होते.