माझ्या टिचकीचा दरारा

४ जानेवारी, गुरुवार
नव्या वर्षाचा संकल्प एकच. मार्चमधला क्लबचा कप यंदा माझा. गेल्या वर्षी पहिल्याच फेरीत गारद झालो, त्याला हॉलमधला बंद हीटर जबाबदार. थंडीत बोट आखडतं, आणि आमच्या टेबल-फुटबॉलमध्ये बोट म्हणजेच सगळं. अंगठ्याएवढे खेळाडू, त्यांना टिचकी मारून बॉलवर धाडायचं. लोकांना हा पोरखेळ वाटतो. लोकांना काय, गोल्फसुद्धा खेळ वाटतो.
सरावासाठी जेवणाच्या टेबलावर हिरवं कापड कायमचं अंथरलं. बायकोनं, ब्रेंडानं, विचारलं, आता जेवायचं कुठे? म्हटलं, मांडी आहे की.

७ जानेवारी
भांडी घासणं आजपासून बंद. साबणाच्या पाण्यानं नख मऊ पडतं. ब्रेंडाला शास्त्र नीट समजावलं. ती म्हणाली, "लेन, लग्न झाल्यापासून तू ते नख जपतोच आहेस."
कौतुकानं म्हणाली असावी.

१८ जानेवारी, गुरुवार
ऐतिहासिक! विल्फ हॅस्लमला हरवलं! विल्फ म्हणजे रिटायर्ड बस ड्रायव्हर, माझा शाळेपासूनचा दोस्त. कपावर त्याचं नाव इतक्यांदा कोरलंय की इतरांनी कोरायचं कुठे हा प्रश्नच आहे. आजवर मला त्यानं हसत हसत धुतलंय. आज मी टेबलाच्या या बाजूनं नुसतं रोखून पाहिलं, आणि त्याचा हात थरथरायला लागला. खरोखर! टिचकी बॉलला मारायला जायचा, आडवा व्हायचा त्याचाच डिफेंडर.
माझ्या नजरेत काहीतरी आहे. इतकी वर्षं कळलं कसं नाही?
येताना चिप्स घेतले. वर व्हिनेगर भरपूर.

२१ जानेवारी
ब्रेंडाच्या व्हॅक्यूम क्लीनरनं माझा लेफ्ट विंगर गिळला. तो शोधायला खाली बसलो तर गुडघ्याखाली सेंटर फॉरवर्ड. विंगर सापडला, डोकं नाही. फॉरवर्ड घोट्यापासून चिकटवला. जरा बुटका झालाय. तसाही फार धावायचा नाही.

१ फेब्रुवारी
डोरीनकडून हरलो. डोरीन क्लबात चहा करते आणि दोन टिचक्यांच्या मध्ये स्वेटर विणते. नजर रोखून रोखून डोळ्यांत पाणी आलं, पण ही बाई सुयांवरून मान वर करेल तर शपथ. विणकामावर बंदी आणा, असं सेक्रेटरीला सांगितलं. सेक्रेटरी डोरीनच आहे. मागणी तिथल्या तिथे फेटाळली गेली.

८ फेब्रुवारी
पुन्हा विल्फ, पुन्हा विजय! या वेळी त्यानं स्वतःचाच गोलकीपर पाडला. नंतर त्याचा चहा अर्धा कपात, अर्धा बशीत. एवढा दरारा बरा नव्हे. मोठ्या मनानं सल्ला दिला, विल्फ, खेळ खेळासारखा घ्यावा, इतकं घाबरू नये. तो म्हणाला, "बरोबर आहे रे लेन, तुझ्यासमोर घाबरतोच मी."
बाकीची मंडळी माझ्याकडे विचित्र नजरेनं बघत होती. जळतात.

१५ फेब्रुवारी
विल्फ आला नाही. मी सगळ्यांना सांगितलं, मला टाळतोय. डोरीन म्हणाली, "लेन, बिस्किट घे आणि तोंड बंद ठेव." बिस्किट नरम होतं.

१९ फेब्रुवारी
ब्रेंडाला औषधाच्या दुकानात विल्फची बायको एडना भेटली. विल्फला पार्किन्सन्स आहे. हिवाळा सुरू झाल्यापासून हात थरथरतोय. क्लबात सगळ्यांना ठाऊक होतं. मला सांगू नका असं विल्फनंच बजावलं होतं म्हणे. "लेन बिचारा जिंकतोय, खूश आहे, कशाला विरस?"
आता तो क्लब सोडणार आहे.
जेवलो नाही. आज भांडी मी घासली.

२० फेब्रुवारी
नीट विचार केला. जानेवारीतला विजय तरी निम्मा नजरेचाच असणार.

२२ फेब्रुवारी
विल्फकडे गेलो. वाटेत चांगली चार वाक्यं जुळवली होती, मैत्री, धीर वगैरे. एडना दार उघडून स्वयंपाकघरात गेली. विल्फ खिडकीशी, हात ब्लँकेटखाली. माझ्या तोंडून निघालं काय, तर, "तू सोडलंस तर मी हरवू कुणाला?"
मग विल्फ असा हसला, असा हसला, की एडना स्वयंपाकघरातून धावत आली. डोळे पुसत म्हणाला, "गाढवा, कपाला येतो. नव्या गोळ्या चालू केल्यात, बघू." एडनानं मला ॲपल-पायचा मोठा तुकडा वाढला. का, ते कळलं नाही.

२९ फेब्रुवारी
कपाच्या सामन्यांच्या जोड्या लागल्या. पहिल्या फेरीत माझ्यासमोर विल्फ. खूप विचार करून ठरवलं, हरायचं. त्याग. पण कुणाच्या लक्षात येता कामा नये. पहिल्या हाफमध्ये थोडी आघाडी घेईन, दुसऱ्या हाफपासून दया सुरू. हे फक्त ब्रेंडाला सांगितलं. ती बराच वेळ खोकत होती.

७ मार्च, गुरुवार
विल्फचा हात टेबलासारखा स्थिर. गोळ्या कुठल्या कंपनीच्या आहेत कोण जाणे. हाफ टाइमला मी चार गोलनं मागे. दया सुरू करायला जागाच उरली नाही. शेवटी सहा-शून्य. बुटका फॉरवर्ड दोनदा कलंडला. डोरीननं विणकाम बाजूला ठेवून टाळ्या वाजवल्या, माझ्यासाठी नव्हेत.
पुढच्या फेरीत विल्फ डोरीनकडून हरला आणि तरी लग्नातल्यासारखा हसत होता.
निघताना त्यानं मला दाराशी बाजूला घेतलं. ब्रेंडानं माझा त्यागाचा बेत एडनाला सांगितला होता, एडनानं त्याला. माझ्या खांद्यावर हात ठेवून अगदी मनापासून म्हणाला, "लेन, तू माझ्यासाठी सामना सोडलास, कळलं मला. पण पुढच्या वेळी दया नको हं. नीट खेळ."
मी नीटच खेळत होतो, हे त्याला सांगितलं नाही. तेवढी दया तरी हातून झाली.